लाटसाहेबांची निवडणूक

शूटिंगच्या युनिटला जेवण पुरवायचं काम मी धरलं तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. घरगुती डबे बरे चालले होते. अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमधून सकाळी डबे निघायचे आणि दुपारी मी मोकळी. पण दुबईतल्या एका जाहिरातींच्या फिल्म कंपनीतला एक कॅमेरामन आमच्याकडे डबा लावून होता. त्याचा एक दिवस फोन आला. "वहिनी, उद्या वाळवंटात शूटिंग आहे, चाळीसेक माणसं आहेत आणि हॉटेलवाल्यानं हात वर केलेत." मी हो म्हणून बसले. आमचे हे म्हणाले, "चाळीस माणसांचं म्हणजे काय खेळ वाटला का तुला?" मला कुणी असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हटलं, आता तर करणारच.

तिथे मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. उंच, उन्हानं लालबुंद झालेला, नाकावर पांढरं मलम फासलेला एक इंग्रज, हातात वॉकीटॉकी घेऊन सगळ्या वाळवंटाला कामाला लावत होता. तो फर्स्ट असिस्टंट डायरेक्टर होता. हे काय प्रकरण असतं ते मला नंतर कळलं. डायरेक्टर आकाशाकडे बघत विचार करतो, आणि हा माणूस उंटापासून मेकअपवालीपर्यंत सगळे वेळेवर जागेवर आहेत ना, ते बघतो. "यल्ला, यल्ला" म्हणजे चला-चला, हा त्याचा मंत्र. काम संपलं की "खलास" म्हणून दोन्ही हात वर करायचा. बाकी अरबी त्याला येत नव्हतं, हिंदी त्याहून कमी.

जेवायला मात्र शेवटी आला. लाइटवाले, ड्रायव्हर, उंटवाले जेवून उठले, तेव्हा ताट घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. मी त्याच्यासाठी वेगळं काढून ठेवलेलं फिकं वरण पुढे केलं, तर त्यानं ठेच्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, घे बाबा, तुझं तोंड आणि तुझं नशीब. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण पठ्ठ्यानं ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक शूटिंगचं जेवण माझ्याकडे. ऑक्टोबर ते एप्रिल हा तिकडचा सीझन. त्या सात महिन्यांत माझ्या धंद्याचा मोठा वाटा त्याच्याकडूनच यायचा, हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे मी जे वागले त्याचं एक कारण ते होतं.

पुढेपुढे शुक्रवारी तो आमच्या घरीच जेवायला यायला लागला. एकटा जीव. जुनी गाडी, तिचा एसी कायम बिघडलेला. शर्टाला इस्त्री स्वतः करायचा आणि ती वाईट करायचा. युनिटमधले सगळे मला वहिनी म्हणायचे, म्हणून तोही वहिनी म्हणायला लागला. इंग्रजीत अहोजाहोचा प्रश्न येत नाही, पण मनातल्या मनात मी त्याला अरेतुरेच करायचे. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा होता. आमच्या ह्यांनी त्याला पाठीमागे नाव ठेवलं होतं, लाटसाहेब. चालायचाच तसा, मान ताठ करून. "तुमचे लाटसाहेब येणार आहेत ना आज? मग श्रीखंड आणायला हवं," असं चालायचं.

तो कशासाठी फिल्ममध्ये आला हे मी त्याला एकदा विचारलं होतं. म्हणाला, कॉलेज सोडून एका स्टुडिओत चहा-कॉफी द्यायला लागलो, आणि तिथे पहिल्या दिवसापासून मला कुणी विचारलं नाही की तू कुणाचा मुलगा. फक्त विचारलं, सकाळी सहाला येशील का? मला वाटलं, असेल बाप दारुडा किंवा जेलमध्ये. म्हणून मी पुढे काही विचारलं नाही. आपल्याकडे अशा गोष्टी उकरून काढत नाहीत.

चार-एक वर्षं अशी गेली. शेवटच्या वर्षी त्याचे वडील वारले, तो आठवड्याभरासाठी तिकडे जाऊन आला आणि दुसऱ्या दिवशी परत वॉकीटॉकी घेऊन उभा. आणि मग नव्याण्णवच्या सीझनच्या सुरुवातीला त्याचं जेवण तुटलं. ताटात अर्धी पोळी तशीच. ठेच्याला हात नाही. दोनतीनदा पाहिलं आणि एका शुक्रवारी मी वाढायचं थांबवून समोर बसले. म्हटलं, "काय झालंय ते सांग, नाहीतर माझं अन्न वाया घालवू नकोस."

तेव्हा त्यानं सांगितलं की तो खराखुरा लॉर्ड आहे.

आमचे हे ताक पीत होते, त्यांना ठसका लागला. आमची मुलगी तेव्हा आठवीत होती, ती म्हणाली, "वेट, लाइक अ रिअल लॉर्ड? विथ अ कासल?" तो म्हणाला, कासल नाही, मोठं घर आजोबांनीच विकून टाकलं, आई आता एका लहानशा घरात राहते आणि तिथे हीटर नीट चालत नाही. पण किताब मात्र पणजोबांपासून चालत आलेला. वडील गेल्यावर तो आपोआप त्याच्याकडे आला आणि किताबाबरोबर त्यांच्या पार्लमेंटच्या वरच्या सभागृहातली जागाही. निवडणूक नाही, काही नाही. बाप गेला की मुलगा जाऊन बसणार. तो दोनदा जाऊन आला होता. लाल गाद्यांच्या बाकांवर म्हातारे डुलक्या घेत होते, आणि आपण इथे कशासाठी बसलोय याचं उत्तर काही सापडेना, म्हणाला.

युनिटमध्ये त्यानं हे कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लाइटवाल्यांनी त्याला खुर्ची आणून दिली असती, आणि मग त्यांना ओरडून कामाला कसं लावणार?

"मग आता अडचण काय?" मी विचारलं.

अडचण अशी होती. तिकडच्या सरकारनं कायदा करून ही वडिलोपार्जित जागांची पद्धत मोडायचं ठरवलं होतं. शेकडो लॉर्ड घरी जाणार होते. त्यातले नव्वदेक तेवढे राहणार, आणि ते कोण हे लॉर्डांनीच मतं देऊन ठरवायचं. ज्याला राहायचंय त्यानं उभं राहायचं, पाऊणशे शब्दांत आपली माहिती लिहून द्यायची. आणि त्याची आई वडिलांच्या दिवसांतच म्हणाली होती, "उभा राहा हं." तो हो म्हणून बसला होता. निवडून आला तर नुसतं नाव लावून चालणार नव्हतं, कायम हजर राहायला लागणार. म्हणजे दुबई सुटणार, शूटिंग सुटणार. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याला ज्या एका कामात जीव होता ते सोडून लाल बाकावर बसायचं.

"मग नाही म्हण की आईला," मुलगी इंग्रजीतून म्हणाली. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. आईला असं नाही म्हणता येत नाही, हे मुलीला त्या वयात कुठून कळणार. इतकी वर्षं त्याच्या आईनं त्या सभागृहाच्या तालावर घर चालवलं होतं. आता नवराही गेला, जागाही गेली, तर म्हातारीकडे राहिलं काय? हे त्याचं म्हणणं, आणि मला ते शंभर टक्के पटलं. त्याला दुःखी बघून मलाही वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर माझ्या सीझनचं काय, हेही मनात आलंच.

आमच्या ह्यांच्या मनात मात्र तिसरंच चालू झालं होतं. हे आमच्या मराठी मंडळाच्या कमिटीवर. मंडळाची निवडणूक म्हणजे काय ते मी पाहिलेलं आहे. कुणाच्या तरी हॉलमध्ये साबुदाणा वडे खाता खाता अध्यक्ष ठरतो आणि मग सभेत "बिनविरोध" म्हणून टाळ्या पडतात. ह्यांचा हिशेब असा, की एवढ्या जुन्या घराण्यातला माणूस, त्यात मतं देणारे सगळे नात्यागोत्यातले, तो पडेलच कसा? ही सगळी आतून ठरलेली गोष्ट आहे, फक्त जाहीर व्हायचीय. त्यांनी कमिटीला सांगून टाकलं की ब्रिटिश पार्लमेंटचे एक सदस्य आपल्या घरचे आहेत, दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांचा सत्कार करू या. कमिटी तर उडालीच. हॉल ठरला. शाल आली, साठ दिरहॅमची. "म्हणजे सातशे रुपये," खजिनदार मोठ्यांदा म्हणाले, "पण पाहुणा तसा आहे." श्रीफळ आलं, फेटा बांधणारे एक गृहस्थ अबुधाबीहून बोलावले. मागच्या पडद्यावर थर्मोकोलची अक्षरं लागणार होती, त्यात "विजयाबद्दल हार्दिक अभिनंदन" हे आधीच कापून झालं होतं.

हे सगळं मला कळलं तेव्हा निकाल लागायचा होता. मी म्हटलं, "अहो, निकालाआधी कुणी सत्कार ठरवतं का?" तर म्हणाले, "तुला पॉलिटिक्स कळत नाही." मी ताट आपटलं आणि दोन दिवस बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही बर दुबईच्या देवळात गेलो. हे हात जोडून पुटपुटले, मला ऐकू येईल असं: साहेब निवडून येऊ देत, सत्यनारायण घालीन. मी शेजारीच उभी होते. डोळे मिटले आणि मनात म्हटलं, देवा, ह्यांचं ऐकू नकोस. त्याला पाड. एकवीस मोदक करीन. बाहेर येऊन चपला घालताना हे म्हणाले, "काय मागितलंस?" म्हटलं, "तुमच्यासारखंच, त्याचं भलं."

निकालाच्या दिवशी शूटिंग होतं, दुबईबाहेर वाळूत, एका सरबताच्या जाहिरातीचं. मला कळत नव्हतं की मी एवढी का घाबरलेय. भातात मीठ दोनदा घातलं. उंट उन्हात बसून राहिले होते, सरबताच्या ग्लासात बर्फ टिकत नव्हता, आणि तो नेहमीसारखा यल्ला यल्ला करत होता, पण दर दहा मिनिटांनी खिशातला मोबाइल काढून बघत होता. दुपारी फोन वाजला. तो जनरेटरच्या गाडीमागे गेला. मी डाव हातात धरून उभी. दोन मिनिटांत परत आला, सरळ माझ्या टेबलाशी. आमचे उंटवाले अजून जेवायचे होते. नेहमी शेवटी जेवणारा माणूस, त्यानं ताट उचललं आणि म्हणाला, "वहिनी, दोन पोळ्या. आणि तो हिरवा."

"काय झालं?"

"पडलो. वाईट पडलो. खालून मोजलं तर मी लवकर सापडतो."

मी त्याच्या ताटात चार पोळ्या टाकल्या. आम्ही दोघं हसत सुटलो, आणि ते हसणं काही थांबेना, तेव्हा मेकअपवाली बघायला आली की वहिनींना ऊन लागलं की काय. छातीवरून कुणी गहू भरलेलं पोतं उचलावं तसं मला मोकळं वाटलं. आता तो कुठे जात नाही. शूटिंग आहे, शुक्रवार आहे, श्रीखंड आहे.

जेवता जेवता मी म्हटलं, "आईला कळवलंस?"

त्याचा घास तसाच राहिला. "उद्या करतो."

उद्याचा परवा झाला. प्रत्येक वेळी कारण. मोबाइलवर रेंज नाही, तिकडे आता झोपायची वेळ असेल, आज ती चर्चला गेली असेल. मला त्याची भीती समजत होती. तो सुटला होता, पण म्हातारीचं काय होणार हे त्याला कळायचं होतं, आणि तोवर त्याची ती सुटका अर्धीच होती.

आमच्या ह्यांची गत आणखी वाईट. शुक्रवारी सत्कार, आणि पाहुणे पडले. कमिटीत रात्रंदिवस फोनाफोनी. शेवटी हे त्याच्यापुढे मान खाली घालून उभे राहिले आणि सगळं सांगितलं: शाल, फेटा, थर्मोकोल. मला वाटलं, आता इंग्रज माणूस चिडणार. तो म्हणाला, "पण मी यायलाच हवं ना? शाल माझ्या मापाची असेल तर वाया जाईल." शालीला माप नसतं हे ह्यांनी त्याला अगदी गंभीरपणे समजावून सांगितलं.

तर असा तो सत्कार झाला. थर्मोकोलमधलं "विजयाबद्दल" काढून टाकलं होतं, त्यामुळे नुसतंच "हार्दिक अभिनंदन" राहिलं, कशाबद्दल ते कुणी विचारू नये. भगवा फेटा त्याच्या लाल चेहऱ्यावर फार शोभला. बायका येऊन येऊन त्याला धीर देत होत्या. एक काकू म्हणाल्या, "नेक्स्ट टाइम, इन्शाल्ला." तो उभा राहून इंग्रजीत एवढंच बोलला, "आमच्याकडे हरलेल्या माणसाला कुणी शाल देत नाही. इथे देतात. म्हणून मी इथेच राहायचं ठरवलंय." टाळ्यांचा कडकडाट. आमचे हे सगळ्यात जोरात वाजवत होते, जसं काही हे त्यांनीच ठरवून घडवलं होतं.

दुपारी आम्ही घरी आलो. तो फेट्यासकट सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "वहिनी, चहा."

म्हटलं, "चहा नाही मिळणार. आधी आईला फोन."

"वहिनी..."

"फोन तिथे आहे. आमच्या घरचा आहे, बिल आम्ही भरतो. लाव."

त्यानं ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्यासमोर कुणाचीच बाजू घेत नाहीत. त्यानं नंबर फिरवला. मी स्वयंपाकघरात गेले, पण दार लावलं नाही, आणि कान तिकडेच. त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. मम्मी, मी हरलो. मग तो फोनची वायर बोटाला गुंडाळत बसला. मला वाटलं, रडत असणार म्हातारी. मग तो म्हणाला, काय? आणि पुन्हा, काय? आणि शांतपणे ऐकत राहिला. मी बाहेर येऊन बघितलं तर फेटा मागे सरकला होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि चेहरा हसरा. फोन खाली ठेवून त्यानं आम्हाला सगळं सांगितलं.

तिला दोन दिवसांपासून माहीत होतं. निकाल लागला त्याच संध्याकाळी शेजारणीनं सांगितलं. ती वाट बघत होती, मुलगा खचला असेल, तो स्वतः बोलेल तेव्हा बोलू म्हणून. आणि त्या संध्याकाळी तिनं शेजारणीबरोबर बसून वाइनची बाटली संपवली होती, आनंदानं. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याला आठवड्यातले चार दिवस त्या सभागृहाला दिले होते. उरलेल्या दिवसांतही त्यांच्या बोलण्यात सभागृहच. तिला ते कधीही आवडलं नाही. पण तिला वाटलं, मुलाला जागा हवी असेल, आणि आईमुळे ती गेली असं आयुष्यभर वाटायला नको. म्हणून ती म्हणाली होती, उभा राहा हं.

"मी तिच्यासाठी उभा राहिलो," तो म्हणाला, "आणि ती मला माझ्यासाठी उभा राहा म्हणाली." मग म्हणाला, "मी विचारलं तिला, मग तुला काय हवंय? ती म्हणाली, तू काय काम करतोस ते एकदा बघायचंय. आणि तिकडचं ऊन खायचंय. इतकी वर्षं तू मला कधी ये म्हणालाच नाहीस."

"का नाही म्हणालास?"

"मला वाटलं, तिला इथे आवडणार नाही."

मी त्याच्यापुढे चहा ठेवला. वर दोन बिस्किटं जास्तीची दिली. आमचे हे खिडकीशी उभे होते, पाठमोरे. माझ्या सासूबाई तेव्हा पुण्यात एकट्या राहायच्या. आम्ही पैसे पाठवायचो, साडी पाठवायचो, उन्हाळ्यात जाऊन यायचो, आणि येताना दर वेळी म्हणायचो की तिला इथे करमणार नाही. हे खिडकीपासून हलले, फोनपाशी आले, आणि उभ्या उभ्याच नंबर फिरवला. "आई, मी बोलतोय. नाही, सगळं ठीक आहे. आई, इकडे येतेस का?" मग रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे वळले.

"विचारतेय, किती दिवसांसाठी बोलावताय?"

मी म्हटलं, "सांगा त्यांना, परतीचं तिकीट काढणार नाही आम्ही."